सरकारी मक्ता आणि जवाहिऱ्याचें दुकान

लष्करासाठीं बूट, घोंगड्या, धान्य किंवा दारूगोळा लागला म्हणजे सरकार मक्ता देतें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. ज्याचा दर कमी त्याचा माल घ्यावा आणि माल आला म्हणजे तो मोजून, तोलून, नमुन्याशीं ताडून पाहावा, असा या व्यवहाराचा साधा कायदा. परंतु सरकारला कधीं कधीं मुकुट लागतो, वकिलातींतील मेजवान्यांसाठीं चांदीचीं ताटें लागतात, शूरांच्या छातीवर लावावयास पदकें लागतात. अशा वेळीं नुसता दर पाहून भागत नाहीं. मग सरकारी अंमलदार जवाहिऱ्याच्या दुकानाची पायरी चढतो, आणि तेथें राज्याची प्रतिष्ठा, तिजोरीची काटकसर व कारागिराचा हात या तिघांची मोठी मजेदार ओढाताण सुरू होते. आज इंग्लंडांतील अशा कांहीं मक्त्यांची हकीकत सांगावयाची आहे. तिचा एक धागा दिल्लीपर्यंत आणि दुसरा आपल्या कोंकणपट्टीपर्यंत येऊन पोहोंचतो.

सोन्याचांदीच्या मक्त्यांत पहिली भीति भेसळीची. आपल्याकडे सोनारासमोर बसून आटणी करवून घेणारी गृहिणी ज्या कारणानें डोळ्यांत तेल घालून बसते, त्याच कारणानें इंग्लंडच्या राजानें इसवी सन १३०० मध्यें कायदा केला. चांदी ठराविक कसाची असल्याखेरीज आणि सोनारांच्या पंचांनीं तिजवर बिबट्याच्या मुखाचा छाप उठविल्याखेरीज ती कोणीं विकूं नये, असा तो कायदा. हा कस म्हणजे हजारांत ९२५ भाग शुद्ध चांदी. नाण्याचा कसही तोच. म्हणूनच पुढें एक निराळीच अडचण उभी राहिली. भांडीं घडविण्यास चांदी कमी पडली म्हणजे कारागीर राजाचीं नाणींच वितळवूं लागले. तें थांबविण्यासाठीं १६९७ सालीं भांड्यांचा कस नाण्याहून वर, हजारांत ९५८ पर्यंत नेण्यांत आला. १७२० सालीं जुना कस पुन्हां चालू झाला.

या काळीं राजाचे दागदागिने व चांदीची भांडीं यांजवर देखरेख करणारें एक खातें असे. परदेशीं वकील निघाला कीं त्यास या खात्यांतून हजारों औंस वजनाचीं चांदीचीं भांडीं दिलीं जात. राजाचा प्रतिनिधि मातीच्या बशींत जेवतो, असें परक्या दरबारांत दिसूं नये, हा हेतु. भांडीं वजन करून, लेखी करारानें दिलीं जात आणि परत आल्यावर तीं जमा करून घ्यावयाचीं, असा नियम होता. परंतु पुष्कळ वकिलांनीं तीं परत केलीं नाहींत आणि सरकारनेंही तीं त्यांना सोडून दिलीं. इंग्रज सरदारांच्या घराण्यांत राजचिन्हांकित चांदी आढळते, तींतील बरीचशी अशी 'उसनी' नेलेली आहे! दप्तरांत वजनाची नोंद चोख. वसुली मात्र नाहीं. काटकसरीच्या लाटेंत १७८२ सालीं तें खातेंच मोडण्यांत आलें.

आतां मुकुटाची गोष्ट ऐका. १८२० च्या जानेवारींत तिसरा जॉर्ज वारला आणि चौथा जॉर्ज गादीवर आला. हा राजा मोठा हौशी. त्यानें लंडनच्या लडगेट हिल वरील रंडेल, ब्रिज आणि रंडेल या नामांकित पेढीकडून नवा मुकुट घडविला. त्यांत हिरे किती, तर १२,३१४. परंतु हे हिरे विकत घेतलेले नव्हते. पेढीकडून भाड्यानें आणले होते. लग्नाच्या वरातींत भाड्याचे दागिने मिरविण्याची चाल आपणांस अपरिचित नाहीं. राज्याभिषेकासाठींही तोच मार्ग होता, हें ऐकून मात्र वर्गांतील मुलें नेहमीं हंसत असत. भाडें हिऱ्यांच्या किमतीवर ठरलेलें. राजा आणि राणी कॅरोलाइन यांचा तंटा पार्लमेंटपुढें गेल्यामुळें समारंभ जवळ जवळ वर्षभर लांबला आणि तो १९ जुलै १८२१ रोजीं झाला. तोंवर भाडें चढतच होतें. समारंभ झाल्यावर राजाला मुकुटाचा मोह सुटेना. सरकारनें तो विकतच घ्यावा, असा त्यानें आग्रह धरला. सरकारनें नकार दिला, आणि १८२३ सालीं हिरे काढून पेढीला परत करण्यांत आले. मला तर या सगळ्या प्रकरणांत त्या नकाराचेंच कौतुक वाटतें. राजाच्या डोक्यावरचा मुकुट तिजोरीच्या जाबापुढें उतरवावा लागणें ही लहान गोष्ट नव्हे.

रंडेलची पेढी पुढें मावळली आणि १८४३ सालीं राजजवाहिरे हा मान गॅरार्ड यांच्या पेढीकडे आला. पंजाबांतून गेलेला आपला कोहिनूर याच पेढीच्या देखरेखीखालीं १८५२ सालीं पुन्हां पैलू पाडून घेण्यांत आला. त्यासाठीं ॲम्स्टरडॅमचे कारागीर आणले, वाफेचें यंत्र बसविलें. ३८ दिवस काम चाललें आणि ८,००० पौंड खर्च आला. हिरा आजच्या मापानें सुमारें १९१ कॅरटांचा होता, तो १०५.६ कॅरटांचा झाला. तेज वाढलें खरें. पण वजन किती गेलें, त्याचा हिशेब श्रोत्यांनींच करावा.

इतका वेळ मौल्यवान वस्तूंच्या मक्त्यांविषयीं बोललों. सर्वांत लक्षांत राहणारा मक्ता मात्र अगदीं स्वस्त धातूचा आहे. क्रिमियाचें युद्ध १८५३ पासून १८५६ पर्यंत चाललें. त्यांत साध्या शिपायानें दाखविलेल्या शौर्याची वर्णनें वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोंचलीं. तोंपर्यंत ब्रिटिश सैन्यांत मोठे मानमरातब वरिष्ठ अधिकाऱ्यांसच मिळत. पद न पाहतां केवळ शौर्य पाहून द्यावयाचें एक चिन्ह असावें, असा विचार निघाला आणि २९ जानेवारी १८५६ च्या राजाज्ञेनें 'व्हिक्टोरिया क्रॉस' निर्माण झाला. पदक बनविण्याचें काम हॅनकॉक यांच्या पेढीला मिळालें. चार्ल्स फ्रेडरिक हॅनकॉक यानें ही पेढी १८४९ सालीं लंडनमध्यें काढलेली. म्हणजे दुकान अवघें सात वर्षांचें होतें.

येथें कोणी विचारील कीं सरकारची टांकसाळ असतांना खासगी जवाहिऱ्याकडे कां जावें? वॉटर्लूच्या लढाईचें रौप्यपदक १८१६ सालीं टांकसाळींतच पाडलें होतें. माझ्या मतें याचें उत्तर संख्येंत आहे. वॉटर्लूचें पदक त्या मोहिमेंत असलेल्या प्रत्येकास द्यावयाचें होतें, म्हणजे हजारोंच्या हिशेबानें. तेथें यंत्राचा ठसा हवा. क्रॉस मात्र मोजक्यांसच मिळावयाचा होता. ज्या वस्तूचें मोल तिच्या विरळपणांत, ती हातानेंच घडवावी हें बरें.

राणी व्हिक्टोरियानें या कामांत बारकाईनें लक्ष घातलें. पदकावर 'शूरांस' असे शब्द घालावयाचे ठरलें होतें. तिनें ते बदलून 'शौर्यासाठीं' असे करविले. कारण पहिल्या शब्दांनीं, ज्यांना पदक मिळालें तेवढेच शूर असा अर्थ निघेल, असें तिचें म्हणणें. पहिला नमुना तांब्याचा आला. तो तिला पसंत पडला नाहीं. लाल डगल्यावर तो जड दिसेल, कांसें वापरावें, असें तिनें कळविलें. तेव्हां कोणाला तरी सुचलें कीं शत्रूच्या जिंकलेल्या तोफांचेंच कांसें कां घेऊं नये? वुलिच येथील तोफखान्यांतून तोफांची धातु आणविण्यांत आली.

कल्पना सुंदर; पण तिचा त्रास कारागिराला झाला. तोफेची धातु इतकी कठीण कीं पदकें पाडण्याचे ठसेच तडकूं लागले. तेव्हां ठसा सोडून वाळूच्या सांच्यांत ओतकाम करावें लागलें. ओतलेल्या पदकाला हातानें छिन्नीकाम करून सिंह, मुकुट आणि अक्षरें उठावदार करावयाचीं, मग रंग द्यावयाचा, दांडीच्या मागें मिळविणाराचें नांव आणि क्रॉसच्या पाठीवर पराक्रमाची तारीख कोरावयाची, अशी पद्धत पडली. या ओतकामामुळेंच पदकाला टांकसाळीच्या पदकांत न दिसणारी एक भरीव ठेवण आली. सोनाराच्या धंद्यांत असें पुष्कळदां होतें; धातु हट्ट करते आणि त्या हट्टांतूनच घाट निघतो.

सेबास्टोपोल येथें रशियनांकडून घेतलेल्या तोफांची ही धातु, असें शंभर वर्षें सांगितलें गेलें. पुढें तपासणाऱ्यांस दिसलें कीं ज्या दोन तोफांचे मागचे गोळे कापलेले आहेत त्या रशियन नसून चिनी घडणीच्या आहेत. आणि निरनिराळ्या काळच्या क्रॉसांची धातु क्ष-किरणांनीं पाहिली तेव्हां ती सगळी एकसारखी नाहीं असेंही आढळलें. आज उरलेली धातु, सुमारें दहा किलो, डॉनिंग्टन येथें लष्कराच्या कोठारांत कुलुपबंद आहे आणि हॅनकॉकांना ती लागेल तशी तोलून मिळते. सोन्याच्या मक्त्यांत सरकारला चोरीची भीति असते, कारण माल महाग. येथें माल फुकटासारखा; म्हणून भीति नकली पदकाची. कुलूप मात्र दोन्हीकडे सारखेंच.

२६ जून १८५७ रोजीं लंडनच्या हाइड पार्कांत राणीनें घोड्यावर बसूनच ६२ जणांना पहिले क्रॉस लावले. नेमक्या त्याच दिवसांत इकडे हिंदुस्थान पेटला होता. १८५७ च्या या युद्धासाठीं एकंदर १८२ व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आले. १६ नोव्हेंबर या एकाच दिवसाचे २४. कंपनीच्या नोकरींतील गोऱ्यांपर्यंत आणि पुढें गोऱ्या मुलकी लोकांपर्यंतही नियम सैल केला गेला. परंतु इंग्रजांच्याच बाजूनें लढलेल्या एकाही हिंदी शिपायाला तो मिळाला नाहीं. नियमच तसा होता. त्याच्यासाठीं कंपनीनें १८३७ पासून पगारवाढीसह निराळें पदक ठेविलें होतें. पद न पाहतां शौर्य पाहणारें हें चिन्ह कातडीचा रंग मात्र पाहत होतें, आणि तेंही चौपन्न वर्षें.

तो नियम बदलला १९११ सालीं. १२ डिसेंबरच्या दिल्ली दरबारांत पांचव्या जॉर्जनें हिंदी शिपायांस व्हिक्टोरिया क्रॉस खुला केल्याचें जाहीर झालें. त्या वेळीं राजाच्या मस्तकावर जो मुकुट होता तोही एका मक्त्याचाच. इंग्लंडचा मुकुट देशाबाहेर नेतां येत नाहीं, म्हणून गॅरार्डच्या पेढीकडून खास हिंदुस्थानचा मुकुट घडविण्यांत आला होता. त्यांत सहा हजारांवर हिरे, शिवाय पाच, माणकें आणि नीलमणि. किंमत ६०,००० पौंड. त्या वेळच्या पंधरा रुपयांस एक पौंड या भावानें नऊ लक्ष रुपये. ही रक्कम हिंदुस्थानच्या तिजोरींतून गेली. राजानें आपल्या रोजनिशींत मुकुटाच्या वजनानें डोकें दुखल्याची तक्रार लिहून ठेविली. त्यानंतर कोणत्याही राजानें तो दरबारांत घातला नाहीं. आपण पैसे दिलेला हा दागिना लंडनच्या टॉवरमध्यें कांचेच्या कपाटांत आहे. चौथ्या जॉर्जच्या वेळीं 'नाहीं' म्हणणारें पार्लमेंट होतें. १९११ सालीं हिंदुस्थानच्या तिजोरीच्या वतीनें 'नाहीं' म्हणण्याचा अधिकार कोणाला होता?

दरबारांतल्या त्या दुसऱ्या घोषणेचें फळ मात्र लवकर दिसलें. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजीं बेल्जममध्यें लढलेले खुदादाद खान हे पहिले हिंदी मानकरी. दुसऱ्या महायुद्धांत मराठा पायदळाच्या दोघांना हा मान मिळाला. कुलाबा जिल्ह्यांतील माणगांवाकडचे नाईक यशवंत घाडगे यांनीं १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, टायबर नदीच्या खोऱ्यांत, तुकडींतील बाकीचे सर्व पडले असतां एकट्यानें यंत्रबंदुकीच्या मोर्चावर चाल केली. मोर्चा घेतला आणि लगेच गोळी लागून ते पडले. त्यांचा क्रॉस मरणोत्तर होता. अहमदनगर जिल्ह्यांतील शिपाई नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाण्यांतून व सुरुंगांतून वाहून नेलें आणि मग एकामागून एक मोर्चे उडविले. ज्या दुकानानें क्रिमियाच्या शिपायांचे क्रॉस ओतले, त्याच दुकानांत हीं मराठी नांवें कोरलीं गेलीं.

स्वतंत्र भारतानें हा व्यवहार कसा केला तें सांगून संपवितों. परमवीर चक्राची आंखणी मेजर जनरल हिरालाल अटल यांच्या सांगण्यावरून सावित्रीबाई खानोलकर यांनीं केली. या बाई जन्मानें युरोपियन. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशीं विवाह करून त्या येथल्याच झाल्या. पुराणांचा त्यांचा व्यासंग मोठा. दधीचि ऋषींनीं आपल्या अस्थि दिल्या आणि त्यांचें वज्र झालें, ही कथा घेऊन त्यांनीं मध्यें राजमुद्रा व भोंवतीं चार वज्रें अशी रचना केली. धातु कांसेंच, पण तें कोणाची जिंकलेली तोफ नव्हे. २६ जानेवारी १९५० रोजीं चक्र स्थापन झालें आणि तें १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यांत आलें. पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा मरणोत्तर. आणि हयातींत तें छातीवर लावणाऱ्यांत कारवारकडचे, बाँबे इंजिनिअर्सचे राम राघोबा राणे, ज्यांनीं एप्रिल १९४८ मध्यें गोळीबाराखालीं नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिली. या पदकासाठीं सरकार कोणत्याही जवाहिऱ्याची पायरी चढलें नाहीं. १९५२ सालीं सुरू झालेल्या कलकत्त्याच्या अलीपूर टांकसाळींत भारतरत्न आणि पद्मपदकें घडतात, तेथेंच परमवीर चक्रही घडतें.