क्षतिग्रस्त ऑब्जेक्ट (आयबीएम आय)
आयबीएमने १९८८ मध्ये बाजारात आणलेल्या एएस/४०० यंत्राची परंपरा पुढे चालविणाऱ्या या व्यावसायिक प्रणालीत फाइल, प्रोग्रॅम, वापरकर्त्याची नोंद हे सारे ऑब्जेक्ट म्हणूनच नांदते. वीज अकस्मात गेल्याने वा डिस्क बिघडल्याने एखाद्या ऑब्जेक्टची अंतर्गत रचना भंगली, तर बॅकअप ते वगळून पुढे सरकतो, आणि अखेरचा संदेश न वाचणाऱ्या दप्तरात ही उणीव पुनःस्थापनेच्या दिवशीच उघड होते.

वीज अकस्मात जाण्यास पूरही कारण ठरू शकतो. उल्हास नदीच्या पुराने २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान चामटोलीनजीक महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली होती. अशा पूरप्रवण टापूत यूपीएसची आणि सर्व्हर वेळीच रीतसर बंद करण्याची तजवीज हवीच.

तरीही बिघाड झालाच, तर साठवण सावरणारी 'आरसीएलएसटीजी' ही आज्ञा सर्व उपप्रणाली आधी थांबवल्यावर, निर्बंधित अवस्थेतच चालते. लायब्ररी हरवलेली ऑब्जेक्ट ती 'क्यूआरसीएल' या लायब्ररीत ठेवते, बेवारस ऑब्जेक्टांची मालकी 'क्यूडीएफटीओडब्ल्यूएन' या वापरकर्ता-नोंदीच्या नावे लावते. भंगलेला मजकूर मात्र तिच्याने सांधला जात नाही. तो पूर्णतः भंगला असल्यास ऑब्जेक्ट काढून टाकून जुन्या निर्दोष टेपवरून पुन्हा आणावे लागते. म्हणूनच नव्या बॅकअपची खातरजमा होईपर्यंत जुन्या टेपवर काहीही लिहू देणे अक्षम्य होय.