जाळे आणि जबाबदारी

एखादा भव्य पूल किंवा उत्तुंग इमारत पुरी झाली म्हणजे कोनशिलेवर राज्यकर्त्यांची, अभियंत्यांची आणि क्वचित ठेकेदारांचीही नावे कोरली जातात. जे परांचीवरून खाली पडले त्यांची नावे मात्र बहुधा तेथे आढळत नाहीत. फार काळ लोकांना यात काही वावगेही वाटत नसे. उंचावरचे काम म्हटले की माणसे पडायचीच, असा सर्वत्र समज होता. आणि जो पडला तो बेसावध असला पाहिजे, हे त्याच समजाचे दुसरे अंग होते. हा समज कसा ढळला, हे पाहू गेल्यास दोन पुलांची हकीकत विशेष बोधप्रद ठरते.

त्यांतील पहिला पूल स्कॉटलंडमधील. फोर्थच्या खाडीवरील हा प्रचंड पोलादी रेल्वेपूल 1882 ते 1890 या काळात उभा राहिला. खाली थंड पाणी, वर सोसाट्याचा वारा आणि मध्ये निसरड्या तुळयांवर काम करणारे हजारो मजूर, असे ते दृश्य होते. कोणी पाण्यात पडला तर त्याला वर काढावे म्हणून पुलाखाली होड्या ठेवलेल्या असत, आणि त्या होड्यांनी आठ जणांचे प्राण वाचविले. त्या काळाच्या मानाने ही दूरदृष्टीच म्हणावी लागेल. तथापि ती पडण्यानंतरची तजवीज होती; पडणे थांबविण्याची नव्हे. या कामावर 57 माणसे मेली, असे पुढे कित्येक वर्षे सांगितले जात असे. अलीकडे स्थानिक इतिहाससंशोधकांनी जुनी दप्तरे चाळून पाहिली, तेव्हा तो आकडा 73 वर गेला. त्यांपैकी 38 जण उंचावरून पडून मेले होते. म्हणजे तब्बल सोळा मृत्यू शंभर वर्षे कोणाच्या हिशेबातच नव्हते. ज्याची नोंद होत नाही त्याची चिंताही कोणी करीत नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरा पूल अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट. समुद्राच्या मुखावरील सुमारे मैलभर रुंदीच्या या सामुद्रधुनीवर 5 जानेवारी 1933 रोजी कामास प्रारंभ झाला. दोन मनोऱ्यांमधील अंतर 4,200 फूट आणि मनोऱ्यांची उंची 746 फूट. धुके, वारा आणि भरती-ओहोटीचा वेगवान प्रवाह यांच्याशी तेथे रोजची गाठ होती. दर दहा लाख डॉलरच्या कामामागे एक माणूस मरायचा, असा त्या काळी पूल बांधणाऱ्यांत रूढ ठोकताळा होता. गोल्डन गेटचा खर्च साडेतीन कोटी डॉलर. तेव्हा या हिशेबाने पस्तीस माणसे आधीच मृतांत जमा धरलेली होती. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने हा हिशेब मान्य केला नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य होय.

त्याने मजुरांच्या डोक्यावर कडक टोप्या चढविल्या. ऊन आणि पाण्याचा लखलखाट यांपासून डोळ्यांना जपण्यासाठी चष्मे दिले. उंचावर उगाच साहसाचे प्रदर्शन करणाऱ्यास कामावरून काढले जाईल, अशी ताकीद दिली. रस्त्याच्या पातळीवरचे काम निघाले तेव्हा तर पुलाखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरीचे जाळे पसरले. पुलाच्या दोन्ही कडांबाहेर दहा-दहा फूट पुढे आलेल्या या जाळ्याला सुमारे 1,30,000 डॉलर खर्च आला. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळ होती. एकंदर एकोणीस माणसे या जाळ्यात पडली आणि जिवंत राहिली. त्यांनी थट्टेने आपल्या मंडळास ‘हाफवे टु हेल क्लब’, म्हणजे नरकाच्या अर्ध्या वाटेवरून परत आलेल्यांचे मंडळ, असे नाव दिले. काम सुरू होऊन पावणेचार वर्षे लोटली तरी एकही मृत्यू घडला नव्हता. 21 ऑक्टोबर 1936 रोजी एक अवजड यारी कोसळून एक मजूर दगावला, तोच पहिला बळी.

येथे ही कथा संपती तर ती एका अभियंत्याच्या यशाची कथा झाली असती. परंतु 17 फेब्रुवारी 1937 चा दिवस अजून यावयाचा होता. रस्त्याचे काँक्रीट घालण्याचे काम वेगळ्या ठेकेदाराकडे होते. काँक्रीट वाळल्यावर खालचे लाकडी साचे काढण्यासाठी त्याने पुलाच्या खालून सरकत जाणारा एक मचाण टांगला होता. मचाणाचे वजन सुमारे पाच टन. त्या सकाळी त्याचे आधार सुटले आणि तो माणसांसह जाळ्यावर कोसळला. पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी विणलेले जाळे पाच टनांचा भार कसा झेलणार? ते फाटत गेले आणि मचाणाबरोबर समुद्रात ओढले गेले. बारा माणसे खाली गेली; त्यांपैकी दहा मेली. अवघ्या तीन महिन्यांनी, 27 मे 1937 रोजी, पूल लोकांसाठी खुला झाला. एकंदर अकरा मृत्यूंपैकी दहा एका सकाळचे होते.

या अपघाताचे मर्म नीट समजून घेतले पाहिजे. जाळे वाईट नव्हते आणि मजूर बेसावध नव्हते. मुख्य अभियंत्याने जाळे बांधले आणि ठेकेदाराने मचाण टांगला. एकाच कामाच्या या दोन भागांचा सांधा कच्चा राहिला. खाली जाळे आहे, एवढ्यावर वरच्या मचाणाची मजबुती सोपवून चालत नाही. म्हणूनच आजच्या सुरक्षाशास्त्रात उपायांचा क्रम ठरलेला आहे. जे काम जमिनीवर होऊ शकते ते वर नेऊच नये. वर जाणे भाग असेल तर आधी भक्कम फलाट आणि कठडा हवा. त्यानंतर जाळे आणि कमरेचा वा खांद्याचा पट्टा. पट्टा हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आणि तो पक्क्या जागी अडकविलेला नसेल तर ते नुसते आभूषणच.

आपल्या मुलखालाही उंचीचे हे भय नवे नाही. 1856 ते 1863 या काळात बोरघाटातून लोहमार्ग नेला गेला, तेव्हा सुरुंगाची भोके पाडण्यासाठी मजुरांना दोराने बांधून सह्याद्रीच्या कड्यांवरून खाली सोडीत. तो दोर कामापर्यंत पोहोचण्याचा होता. जीव राखण्याची व्यवस्था म्हणून कोणी त्याकडे पाहिले नव्हते. आपल्याकडे कायदा आला तोही प्रथम नुकसानभरपाईच्या वाटेने. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या बाराव्या कलमाने एक मोलाचे तत्त्व घालून दिले. मालकाने आपल्या धंद्यातील काम ठेकेदाराकडे सोपविले, तरी ठेकेदाराच्या मजुरास इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावरही येते. मालकाने हवी तर ती रक्कम पुढे ठेकेदाराकडून वसूल करावी. अर्थात ही रक्कम अपघातानंतरची होय. अपघात घडूच नये म्हणून बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा होण्यास 1996 साल उजाडले, आणि 1998 च्या नियमांत परांची, पट्टे व जाळी यांविषयीची कलमे सविस्तर आली.

कायदा कागदावर येण्यास लागलेला हा विलंब पाहिला म्हणजे त्याच्या अंमलबजावणीविषयी अधिकच सावध राहावेसे वाटते. इंदूर असो, बडोदे असो, बेळगाव वा पणजी असो, शहरे आता आभाळाकडे वाढत आहेत. घरमालक बांधकाम ठेकेदारास देतो. ठेकेदार रंगकाम एकास, गिलावा दुसऱ्यास आणि काचा बसविणे तिसऱ्यास देतो. प्रत्येकाचा मुकादम निराळा. परांची एकाने बांधलेली असते आणि तिच्यावर चढतो दुसऱ्याचा माणूस. ती कोणी तपासली, असे विचारावे तर प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बोट दाखवितो. गोल्डन गेटवर दहा माणसे याच सांध्यातून खाली गेली होती. काम पाहिजे तितक्या हातांत वाटावे. पण परांची रोज सकाळी कोण तपासणार, त्या एका माणसाचे नाव काम सुरू होण्यापूर्वी ठरलेले असावे, आणि ते तिच्यावर चढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे.