उमेदवार ठरवायचा कोणी?

मत द्यायचे, तर आधी उमेदवार हवा. तो ठरवायचा कोणी? अमेरिकेत १९६८पर्यंत याचे उत्तर बहुतांशी एकच होते: पक्षातली वजनदार मंडळी.

त्या वर्षी व्हिएतनाम युद्धावरून डेमोक्रॅटिक पक्ष दुभंगला होता. मार्चअखेर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी माघार जाहीर केली. युद्धविरोधी युजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी यांनी राज्याराज्यांतल्या प्राथमिक निवडणुका लढवल्या. जूनमध्ये कॅलिफोर्निया जिंकल्याच्या रात्रीच केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती मात्र उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांना. त्यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढवली नव्हती! त्याच रात्री बाहेर पोलीस निदर्शकांना झोडपत होते. नोव्हेंबरात हम्फ्री निक्सन यांच्याकडून हरले.

मग पक्षाने सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमून नियम बदलले. १९७२पासून अधिवेशनाचे बहुसंख्य प्रतिनिधी प्राथमिक निवडणुकांतून ठरू लागले. गंमत म्हणजे, नव्या नियमांनी पहिली उमेदवारी खुद्द मॅकगव्हर्न यांनाच मिळाली आणि ते ५०पैकी ४९ राज्यांत हरले.

मतदारांची निवडही चुकू शकते. पण शिकागोच्या त्या रात्रीनंतर त्यांना डावलून उमेदवार ठरवणे कोणत्याच पक्षाला पूर्वीइतके सोपे राहिले नाही.