रिकाम्या बाकांची मोजदाद

इंग्लंडातली चर्चे ओस पडत चालली, असे आपण वरचेवर ऐकतो. पण ही ओरड आजची नव्हे. ३० मार्च १८५१ च्या रविवारी इंग्लंड आणि वेल्समधल्या प्रार्थनामंदिरांत किती माणसे आली, हे सरकारने एकदा मोजून पाहिले. मोजून म्हणायचे आपले. कागद भरले बहुतेक तिथल्या पाद्र्यांनीच, आणि कित्येकांनी अंदाजपंचे! शिवाय सकाळी आलेला गृहस्थ संध्याकाळी पुन्हा आला, की हजेऱ्या दोन.

लोकसंख्या सुमारे १ कोटी ७९ लाख, हजेऱ्या सुमारे १ कोटी ९ लाख. होरेस मान या अधिकाऱ्याकडे हे काम होते. त्यांनी दुबार हजेऱ्या अंदाजाने वगळल्या, लहान मुले, आजारी, कामात अडकलेले असे सगळे वजा केले. तरीही येऊ शकत असून न आलेले उरले सुमारे ५३ लाख! आलेल्यांतही राजमान्य चर्च ऑफ इंग्लंडच्या वाट्याला जेमतेम निम्मे. १८५४ साली अहवाल बाहेर पडला, तेव्हा काही बिशपांनी आकड्यांवरच आक्षेप घेतला. ते साहजिकच होते.

हे गैरहजर कोण? मुख्यतः मोठ्या शहरांतले कष्टकरी, असे मान सांगतात. त्या काळी चर्चमधली चांगली बाके भाड्याने दिलेली असत. घराण्याचे बाक ठरलेले. काही बाकांना तर दार नि कडीसुद्धा. गरिबाने बसायचे ते 'फुकट' म्हणून राखलेल्या जागेवर, फाटका कोट घालून, चारचौघांच्या देखत. कोण जाईल हो? या माणसाने चर्च सोडले असे म्हणतात. मला तर वाटते, त्याला धड आत घेतलेच नव्हते.

अशी मोजदाद पुन्हा झाली नाही. १८६१ च्या खानेसुमारीत निदान धर्म तरी विचारावा, हा बेतही पंथोपंथांच्या वादात बारगळला. तो प्रश्न आला थेट २००१ साली, तोही ऐच्छिक. तेव्हा जवळजवळ ७२ टक्के लोकांनी आपण ख्रिस्ती असल्याचे लिहिले. त्यांतले पुष्कळजण रविवारी चर्चकडे फिरकतही नव्हते. २०२१ साली आकडा आला ४६ टक्क्यांवर. आधी पाय वळेनासे झाले, नाव मागाहून सुटले.

ब्रिस्टल शहरात सेंट पॉलचे अठराव्या शतकातले चर्च आहे. प्रार्थना बंद पडली, इमारत तेवढी राहिली. या शतकाच्या आरंभी तिथे सर्कशीची शाळा भरू लागली, आणि जिथे बाके होती तिथे वर झुले टांगले गेले.