मुक्तांगण आणि महाराष्ट्रातील व्यसनमुक्ती

महाराष्ट्रातली दारूविरुद्धची लढाई आधी गुत्त्याशी झाली. पिणाऱ्या माणसाकडे लक्ष फार उशिरा गेले. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी दारूच्या दुकानांना परवाने देण्यास पत्र लिहून विरोध केला. १९०८ मध्ये टिळकांच्या अनुयायांनी पुण्यातल्या दुकानांपुढे पहारे बसवले. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि परवान्याशिवाय पिणे गुन्हा ठरले. या सगळ्यामागची कळकळ खरी होती. पण दुकान बंद झाले तरी सकाळी घोटभर दारूवाचून ज्याचे हात थरथरतात त्याने काय करायचे, हे कायदा सांगत नव्हता. पंढरीची माळ गळ्यात पडली आणि दारू सुटली, अशी माणसे गावोगाव होती. ज्यांची सुटली नाही, त्यांच्या वाट्याला बायकामुलांच्या शपथा, मार आणि शेवटी वेड्यांचे इस्पितळ एवढेच उरत होते.

एका दारुड्याला दुसराच नीट समजून घेऊ शकतो, या अनुभवातून १९३५ मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. १९५७ मध्ये ती भारतात आली. सभेला फी नाही, आडनाव विचारायचे नाही आणि संकल्प फक्त आजच्या दिवसापुरता.

ऐंशीच्या दशकात गर्द आले, तेव्हा मात्र कुटुंबे हादरली. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन, ब्राऊन शुगर. पुडीतली पूड चांदीच्या कागदावर टाकायची, खाली काडी धरायची आणि धूर नळीने ओढायचा. कॉलेजातली मुले यात अडकू लागली. पुण्यातल्या या मुलांवर अनिल अवचट यांनी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. अवचटांच्या लेखणीइतकेच, किंबहुना अधिक, श्रेय डॉ. अनिता अवचट यांचे आहे. त्याच मनोरुग्णालयात त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि केंद्राची घडी त्यांनीच बसवली.

गर्द थांबले की साधारण अर्ध्या दिवसात 'टर्की' सुरू होते. नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, हाडे ठणकतात, उलट्या-जुलाब होतात, डोळ्याला डोळा लागत नाही. आठवडाभरात हा जोर ओसरतो. दारूचे तसे नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, क्वचित जीवही जातो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते. पण शरीर शांत झाले म्हणजे माणूस सुटला असे नाही, आणि घरचे लोक नेमके इथेच फसतात. मुक्तांगणातले पस्तीस दिवस मुख्यतः त्यानंतरच्या कामासाठी आहेत: पहाटे उठणे, योगासने, आपापली कामे, गटचर्चा, समुपदेशन. तिथले बरेच कार्यकर्ते स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत. नव्याने दाखल झालेला माणूस थापा मारू लागला, तर त्या थापा त्यांना तोंडपाठ असतात.

व्यसनी माणसाच्या बायकोचेही आयुष्य उद्ध्वस्त झालेले असते, हे अनिताताईंनी ओळखले. पैसे लपवणे, कचेरीत त्याच्या वतीने खोटे बोलणे, शेजाऱ्यांपासून तोंड चुकवणे, यात तिची वर्षे जातात. अशा बायकांसाठी 'सहचरी' हा गट सुरू झाला. आपलीच कहाणी दुसरीच्या तोंडून ऐकल्यावर दोष आपला नव्हता, हे पटायला मदत होते.

१९९७ मध्ये अनिता अवचट यांचे कर्करोगाने निधन झाले. पुढे त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी केंद्राची धुरा सांभाळली. व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग मात्र बराच नंतर निघाला. पुरुषाची दारू गावाला ठाऊक असते. बाईची घरातच दडवली जाते, त्यामुळे ती उपचारांपर्यंत पोचते तेव्हा आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो.