काला अंब: लढाईआधीचा हिवाळा

काला अंबच्या स्तंभापुढे उभ्या राहिलेल्या मराठी माणसाला १४ जानेवारी १७६१ आठवतो. मला त्याआधीचे अडीच महिने आठवले. बर्फातल्या चौकीवर नोकरी केलेल्याला ठाऊक असतं, की थंडीत माणूस खरा थकतो तो रोजच्या कामांनी: पाणी, रॉकेल, रेशन.

पानिपतला बर्फ पडत नाही, पण पौषातलं धुकं हाडांत शिरतं. नोव्हेंबर १७६० पासून भाऊसाहेबांची छावणी इथे खंदकाआड अडकली. लढणाऱ्यांसोबत बुणगे, बायका, यात्रेकरूही होते. अब्दाली दक्षिणेला, म्हणजे दिल्लीची वाट बंद. डिसेंबरात रसदीचा आधार असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले. मग सरपण आणि चारा आणणं हीच मोहीम झाली. रात्री त्यासाठी बाहेर पडलेले बुणगे अफगाण गस्तीने कापून काढले. जनावरं उपाशी मेली. अखेर सरदारच भाऊंना म्हणाले, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू.

म्हणजे बुधवारी फौज खंदकाबाहेर पडली ती भुकेने.

मित्रांनो, इथे आलात तर भाऊ-विश्वासरावांबरोबर मोळी आणायला गेलेल्या त्या निनावी माणसांनाही एक कडक सॅल्यूट ठोका. जय हिंद!