खण मोजून सांगायचं घर

गेल्या महिन्यात एका बैठकीत बचतीची वही बाजूलाच राहिली. एका आक्कांच्या घरचं माळवद उतरवायचं चाललं होतं. लाकूड घेणारा येऊन तुळया मोजून गेला होता. “विकू का ठेवू?” आक्कांनी विचारलं. आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. म्हणून आज जुन्या घराविषयीच बोलू.

आपल्याकडं घर किती मोठं, हे खोल्यांवर नाही, खणांवर सांगत. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. खांब जमिनीत पुरत नसत. खाली दगडाचा तळखडा, म्हणजे ओल चढत नाही. खांबाच्या डोक्याला कुसू, त्यावर बसवलेली तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि सगळ्यांत वर पांढरी माती. खिळ्याचं काम फार थोडं. मोठ्या वाड्यात सागवान, गरिबाच्या घरी बाभूळ नि लिंब. ढाळज, ओसरी, मग माजघर. माजघरात सवण्यातून येईल तेवढाच उजेड, आणि तिथंच आपल्या आजेसासवांचा जन्म गेला, हेही खरं.

लाकूड इथं किती टिकतं ते पाहायचं तर तेरला जा. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे, हजार वर्षांहून जुनी.

मग आली 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. चार वाजायला काही मिनिटं होती. किल्लारी, आपल्याकडचं सास्तूर आणि भोवतालची गावं पडली. सुमारे आठ हजार माणसं गेली. तेव्हापासून माळवद म्हटलं की छातीत धस्स होतं. भीतीपोटी अनेकांनी चांगल्या तुळया मिळेल त्या भावाला देऊन टाकल्या.

पण पाहणी करणाऱ्यांना काही ठिकाणी वेगळंच दिसलं. भिंती ढासळलेल्या आणि लाकडाचा सांगाडा उभा! घात केला तो भिंतींनी. दोन-अडीच फूट जाड, बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये नुसती माती नि चिपा. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की भिंत फाकायची. त्यात वर माळवदाचं ओझं. ते वाढवलं आपणच. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात नवी माती टाकली, जुनी कुणी काढली नाही.

नंतर सरकारनं घरांच्या दुरुस्ती-बळकटीकरणाचं काम काढलं. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेनं गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. आपल्यासारख्याच बाया. माळवदावरची जास्तीची माती उतरवायची, भिंतीत आरपार बांध घालायचे, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू ठोकायचे, हे त्या घरोघर समजावून सांगत.

एवढं वाचून-विचारून आम्ही आक्कांकडं गेलो. माळवदावर खुरप्यानं उकरलं तर माती हातभराहून जास्त निघाली. बारा खांब दगडानं वाजवून पाहिले. मोरीजवळचे दोन पोकळ लागले, बाकीचे खणखणीत. भिंतीचं मात्र आम्हाला कळेना, ते जाणकार इंजिनिअरला दाखवायचं ठरलं. लाकूडवाल्याला आक्कांनी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय. माती उतरवायला पुढच्या रविवारी गटातल्या आठजणी जाणार आहोत. पाट्या आपापल्या आणायच्या.